पहिला डीएसएलआर आणि पहिली लेन्स: दुसऱ्या लेन्सची घाई नको

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आजवर सगळी छायाचित्रे मोबाइलवर काढली, आता पहिला डीएसएलआर, म्हणजे आरशातून दृश्य दाखवणारा आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायचा आहे. घरातली दोन लहान मुले, प्रवासातली दृश्ये आणि जमल्यास पक्षी असे विषय डोळ्यांसमोर आहेत. पैसे मर्यादित आहेत आणि जी काही खरेदी करायची ती एकदाच व्हावी अशी इच्छा आहे. त्यातून तीन शंका निघाल्या आहेत: मेगापिक्सेल किती असावेत, कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ मिमीची किट लेन्स खरोखरच टाकाऊ असते का (मिमीचा आकडा म्हणजे फोकल लेंग्थ; तो जितका मोठा तितके दूरचे जवळ दिसते आणि चौकट अरुंद होते), आणि तिच्याऐवजी १८-३०० मिमीची एकच लेन्स घेऊन मोकळे व्हावे का.

यातली ‘एकदाच खरेदी’ ही अट प्रथम सोडून द्यावी, असे मी सुचवेन. ज्याने अजून हजारभर छायाचित्रेही या साधनावर काढलेली नाहीत, त्याला आपली नजर रुंद चौकटीत रमते की दूरच्या एका बारीक तपशिलावर जाऊन थांबते, हे ठाऊक नसते, आणि ते दुसऱ्या कोणाला विचारूनही कळत नाही. म्हणून पहिली खरेदी अशी असावी की तिच्यावर काढलेल्या छायाचित्रांवरूनच दुसरी कोणती करायची हे स्पष्ट व्हावे. माझे पुढचे सगळे सल्ले याच धोरणातून आलेले आहेत.

मेगापिक्सेलचा विषय लवकर संपवता येतो. २४ मेगापिक्सेलचे चित्र ६००० बाय ४००० ठिपक्यांचे असते. इंचाला ३०० ठिपके या चांगल्या दर्जाच्या छपाईच्या हिशेबाने त्याची सुमारे २० बाय १३ इंचांची प्रत निघते. ४५ मेगापिक्सेल म्हणजे जवळजवळ दुप्पट, असे ऐकायला वाटते, परंतु ही वाढ क्षेत्रफळाची असते. चित्राची रुंदी केवळ ३७ टक्क्यांच्या आसपास वाढते. २००३ साली आलेला कॅननचा ३०० डी आणि २००४ साली आलेला निकॉनचा डी७० हे दोन्ही सहा मेगापिक्सेलच्या घरातले होते आणि त्यांवर काढलेली चित्रे आजही लोकांच्या भिंतींवर उत्तम दिसतात. गेल्या दहा-बारा वर्षांतला कोणताही डीएसएलआर या बाबतीत पुरेसा आहे.

विचार करायचा तो माउंटचा, म्हणजे बॉडी आणि लेन्स जिथे एकमेकांत अडकतात त्या कड्याचा. बॉडी पाच-सात वर्षांत बदलली जाते. लेन्स मात्र नीट सांभाळली तर त्याहून कितीतरी जास्त काळ चालते, आणि एका कंपनीच्या माउंटची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीला सहसा लागत नाही. त्यामुळे पहिली बॉडी घेताना आपण प्रत्यक्षात लेन्सच्या एका कुटुंबात प्रवेश करत असतो. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, पेंटॅक्सचा के माउंट १९७५ पासूनचा आणि कॅननचा ईएफ माउंट १९८७ पासूनचा आहे. तिन्ही कुटुंबांत सामान्य माणसाला लागणारे सर्व काही आहे. फरक पडतो तो बारीक अटींमध्ये, आणि नवखा माणूस नेमका तिथेच अडखळतो.

कॅननच्या ईएफ मालिकेत फोकसची मोटर सुरुवातीपासून लेन्समध्येच असल्यामुळे कोणतीही ईएफ लेन्स कोणत्याही कॅनन डीएसएलआरवर आपोआप फोकस करते. मात्र लहान सेन्सरसाठी (सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) बनवलेल्या ईएफ-एस लेन्स कॅननच्या फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, डीएसएलआरवर बसत नाहीत. निकॉनचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. डी३००० आणि डी५००० या मालिकांतल्या, म्हणजे डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडींमध्ये फोकसची मोटर नाही. जुन्या, ‘एएफ-डी’ प्रकारच्या लेन्स या बॉडींवर बसतात, प्रकाशमापनही होते, पण फोकस हातानेच करावा लागतो. ज्यांच्या नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ आहे अशा लेन्स घेतल्या की ही अडचण राहत नाही. फक्त एएफ-पी लेन्स डी३१०० किंवा डी३२०० सारख्या काही जुन्या बॉडींवर फोकस करत नाहीत, हे लक्षात ठेवावे. डी७००० मालिकेतल्या बॉडींमध्ये मोटर असल्यामुळे जुन्या एएफ-डी लेन्सही चालतात. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. स्वस्तात मिळाली म्हणून मी एक जुनी ५० मिमी लेन्स आनंदाने घरी आणली, माझ्या बॉडीवर चढवली, आणि शटरचे बटण अर्धे दाबल्यावर काहीच हलेना तेव्हा लेन्स बिघडलेली आहे असे समजून तिलाच दोष देत बसलो. चूक अर्थातच माझी होती. पुढचे वर्षभर मी व्ह्यूफाइंडरच्या, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीच्या, कोपऱ्यातला हिरवा ठिपका लागेपर्यंत हाताने कडे फिरवत राहिलो. स्थिर विषयांसाठी ते जमते, पळत्या मुलासाठी जमत नाही.

आता किट लेन्स. १८-५५ मिमीच्या लेन्सला नावे ठेवण्याची एक जुनी प्रथा पडून गेली आहे, ती मला अन्यायाची वाटते. कंपनरोधक, म्हणजे कॅननच्या भाषेत ‘आयएस’ आणि निकॉनच्या भाषेत ‘व्हीआर’ असलेली अलीकडची किट लेन्स एफ/८ वर (हा आकडा ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा; आकडा लहान तितके छिद्र मोठे), दिवसाच्या उजेडात, महागड्या लेन्सच्या इतकी जवळ जाते की छापील प्रतीत फरक दाखवायला बहुतेकांना कष्ट पडतील. ती हलकी आहे, जवळून फोकस करते, आणि दृश्य, इमारत, समूह, व्यक्ती या सगळ्यांवर हात बसवू देते. तिची खरी मर्यादा स्पष्टतेची नसून प्रकाशाची आहे. ५५ मिमीवर तिचे सर्वांत मोठे ॲपर्चर एफ/५.६ असते. एफ/१.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ दहापट प्रकाश आत घेते. संध्याकाळी घरातल्या दिव्यात आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) ६४०० वर किट लेन्सला एक तीसांश सेकंद लागत असेल, तर एफ/१.८ वर सुमारे एक तीनशेअंश सेकंदात तेवढाच प्रकाश मिळतो. खेळणाऱ्या मुलाला गोठवायचे तर साधारण एक अडीचशेअंश सेकंद तरी हवा. तेव्हा एका बाजूला हललेला चेहरा आणि दुसऱ्या बाजूला डोळ्यांतली चमक, एवढे अंतर या दोन लेन्समध्ये आहे. कंपनरोधक यंत्रणा इथे उपयोगी पडत नाही, कारण ती तुमच्या हाताचा कंप थोपवते, मुलाच्या पायांना थांबवत नाही.

म्हणून घरातल्या मुलांसाठी किट लेन्सच्या सोबतीला एक मोठ्या ॲपर्चरची, एकाच फोकल लेंग्थची प्राइम लेन्स घ्यावी. बहुतेक लोक डोळे मिटून ५० मिमी एफ/१.८ सुचवतात, कारण ती सर्वांत स्वस्त असते. पण त्यापूर्वी खोलीचे माप घ्यावे. सुरुवातीच्या डीएसएलआरचा सेन्सर फुल फ्रेमच्या ३६ बाय २४ मिमी आकारापेक्षा लहान, सुमारे २३.५ बाय १५.६ मिमीचा असतो (कॅननचा किंचित आणखी लहान). त्यावर ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरील ७५ ते ८० मिमीसारखी चौकट देते. तीन मीटरवरून तिच्यात जेमतेम १.४ मीटर रुंदीचे दृश्य मावते. एक मूल ठीक, दोन मुले आणि त्यांच्यामध्ये पसरलेला खेळ मावत नाही, आणि मागे सरकावे तर भिंत आडवी येते. ३५ मिमीच्या लेन्समध्ये त्याच अंतरावरून दोन मीटर रुंदी येते. घराच्या आत ३५ मिमी अधिक उपयोगी आहे, असे माझे ठाम मत आहे. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८ यासाठीच बनलेली आहे आणि तिच्यात मोटर आहे. पेंटॅक्सची ३५ मिमी एफ/२.४ थोडी कमी प्रकाशाची पण त्याच पठडीतली आहे. कॅननच्या लहान सेन्सरसाठी तितकी स्वस्त ३५ मिमी एफ/१.८ नाही. तिथे चपटी २४ मिमी एफ/२.८ घ्यावी किंवा खोली मोठी असेल तर ५० मिमी एफ/१.८ एसटीएम. ज्यांना मुख्यतः चेहरेच टिपायचे आहेत, त्यांनी मात्र ५० मिमीच घ्यावी. पार्श्वभूमी विरघळवण्यात ती ३५ मिमीच्या पुढे आहे.

एक सूचना इथेच देऊन ठेवतो, कारण मोठ्या ॲपर्चरची लेन्स हातात आली की पहिले दोन महिने प्रत्येक जण एफ/१.८ सोडून खाली उतरतच नाही. ५० मिमीवर, दोन मीटर अंतरावर, एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारी खोली सगळी मिळून ११-१२ सेंटिमीटर असते. दोन भावंडांपैकी एक वीतभर मागे असेल तर त्याचा चेहरा मऊ पडणार, आणि दोष पुन्हा लेन्सला दिला जाणार. दोघे असतील तर निदान एफ/४ पर्यंत यावे, आणि प्रकाश कमी पडला तर आयएसओ वाढवण्यास घाबरू नये. दाणेदार चित्र चालते, हललेले चालत नाही.

१८-३०० मिमीच्या लेन्सविषयी तुमचा मोह मला समजतो. धुळीच्या ठिकाणी लेन्स बदलायला लागू नये, पाठीवर ओझे नसावे, एवढाच हेतू असेल तर ती वाईट निवड नाही, आणि अनेक प्रवासी तिच्यावर समाधानी असतात. परंतु तुमच्या तीन विषयांपैकी दोन विषयांत ती तोकडी पडते. घरातल्या उजेडात ती किट लेन्सइतकीच अंधारी आहे. पक्ष्यांसाठी ३०० मिमी हा आकडा भुरळ घालतो, पण त्या टोकाला तिचे ॲपर्चर सहसा एफ/६.३ असते, चित्रातला करकरीतपणा त्याच टोकाला सर्वांत कमी असतो, आणि अशा लेन्स जवळच्या विषयावर फोकस करताना त्यांची प्रत्यक्ष फोकल लेंग्थ बरीच आक्रसते. समोरच्या फांदीवरच्या चिमणीला ३०० मिमीवर टिपले असे आपल्याला वाटते. चौकटीत मात्र ती त्याहून लहान येते.

पक्ष्यांबाबत थोडा हिशेब करून पाहावा. पंधरा सेंटिमीटर लांबीचा पक्षी दहा मीटरवर बसला आहे. खऱ्या ३०० मिमीच्या लेन्सने सेन्सरवर त्याची प्रतिमा सुमारे साडेचार मिलिमीटर पडते, म्हणजे चौकटीच्या रुंदीच्या पाचव्या भागाहूनही थोडी कमी. २४ मेगापिक्सेलमध्ये साधारण ११५० ठिपके. काटछाट करून पडद्यावर बघण्यापुरते हे चांगले आहे. किट लेन्सच्या ५५ मिमीवर तोच पक्षी दोनशे ठिपक्यांचा होतो, म्हणजे ओळखण्यापुरता. यातून दोन गोष्टी कळतात. पक्ष्यांची आवड पक्की असेल तर ७०-३०० मिमीच्या आसपासची स्वतंत्र लेन्स लागणार, तिला पर्याय नाही. आणि ती घेतल्यानंतरही दहा मीटरच्या आत पोचण्याचे कौशल्य, म्हणजे वाट बघणे, हालचाल कमी करणे, पाणवठ्याजवळ आडोसा धरून बसणे, हे आकड्यांपेक्षा अधिक कामाला येते. मी अनेकांना पहिल्याच महिन्यात अशी दूरची लेन्स, म्हणजे टेलिफोटो, घेताना आणि वर्षाच्या आत ती विकताना पाहिले आहे. लेन्स चांगली होती, पहाटे उठण्याची हौस टिकली नाही.

म्हणून ही लेन्स पहिल्या दिवशी घेऊ नये. किट लेन्स आणि एक प्राइम एवढ्यावर तीन-चार महिने काढावेत आणि मग संगणकावर त्या काळातली ठेवणीतली चित्रे उघडावीत. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंग्थ, ॲपर्चर, शटरचा वेग आणि आयएसओ नोंदलेले असतात. बहुतेक संपादन प्रणाली त्यांनुसार चित्रे गाळून दाखवतात. चांगली चित्रे ५५ मिमीला दाटली असतील आणि तुम्ही ती सतत कापत असाल, तर तुम्हाला पुढे जायचे आहे, टेलिफोटो घ्या. आयएसओ वारंवार ६४०० ला भिडत असेल, तर प्रकाश हवा आहे. आणखी एक प्राइम किंवा फ्लॅश घ्या. १८ मिमीला गर्दी असेल तर मात्र निष्कर्ष काढताना सावध राहा. झूम लेन्स बहुधा पिशवीतून निघते तीच १८ मिमीवर मिटलेली असते आणि नवखा हात ती फिरवायचे विसरतो. त्यातल्या किती चित्रांत कडेची माणसे किंवा छताचा भाग कापला गेल्याची चुटपुट लागते, ते मोजावे; ती चुटपुट नसेल तर रुंद कोनाची लेन्स तुम्हाला नको आहे, कडे फिरवण्याची सवय हवी आहे.

बॉडीबद्दल इतका वेळ बोललो नाही, कारण तिथे निवड तुलनेने सोपी आहे. हातात धरून पाहणे हा खरा निकष. करंगळी खाली लोंबकळते का, आयएसओ बदलायला डोळा व्ह्यूफाइंडरवरून काढावा लागतो का, मोठी लेन्स लावल्यावर मनगट कलते का, हे तपासावे. स्वस्त बॉडींमध्ये एकच फिरती चकती असते आणि व्ह्यूफाइंडर आरशांचा, थोडा अंधारा व चौकटीचा सुमारे ९५ टक्के भागच दाखवणारा असतो. कॅननचे ७० डी, ८० डी, ९० डी आणि निकॉनची डी७००० मालिका यांत शटर आणि ॲपर्चरसाठी दोन वेगळ्या चकत्या आणि काचेच्या प्रिझमचा मोठा, उजळ व्ह्यूफाइंडर मिळतो. पेंटॅक्सच्या के-७० सारख्या तुलनेने स्वस्त बॉडीतही या दोन्ही गोष्टी आहेत. ज्याला शिकायचे आहे त्याने या श्रेणीतली चार-पाच वर्षे जुनी बॉडी घ्यावी, नव्याकोऱ्या प्राथमिक बॉडीच्या मागे जाऊ नये, असे मला वाटते. लेन्स बदलत जातात तसा तिच्यात आणखी एक फायदा दिसू लागतो: यांतल्या बहुतेक बॉडींमध्ये फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर त्या लेन्सपुरती दुरुस्ती मेनूतून करता येते.

आता न विचारलेला, पण टाळता न येणारा मुद्दा. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यांचे नवे कॅमेरे मिररलेस, म्हणजे आतला आरसा नसलेले, आहेत. पळत्या मुलाच्या डोळ्याला धरून ठेवणारा फोकस, ही मिररलेसची देणगी खरी आहे, आणि डीएसएलआरच्या काचेतून बघताना ती तशी मिळत नाही. पैशांची अडचण नसती तर मी तुम्हाला तिकडेच पाठवले असते. पण त्याच स्थित्यंतरामुळे उत्तम डीएसएलआर आणि लेन्स आज हाताळलेल्या स्थितीत मुबलक मिळतात, आणि लेन्सवर खर्च केलेला पैसा वायाही जात नाही. कॅननच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टर लावून आरएफ माउंटच्या मिररलेस बॉडीवर फोकससह चालतात. एफ माउंटच्या लेन्स निकॉनच्या मिररलेस बॉडीवर बसवणाऱ्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नसल्यामुळे तिथे पुन्हा एएफ-एस आणि एएफ-पी हीच अट लागू होते. पुढे मिररलेसकडे जाण्याचा विचार असेल तर जुनी एएफ-डी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी टाळण्याचे हे दुसरे कारण.

हाताळलेली वस्तू घेताना घाई करू नये. बॉडीचे शटर किती वेळा उघडले आहे हे विचारावे. निकॉन आणि पेंटॅक्सच्या मूळ फाइलमध्ये तो आकडा सापडतो, कॅननच्या बाबतीत बहुधा वेगळी प्रणाली वापरावी लागते. डी३५०० सारख्या बॉडीचे शटर एक लाख उघडझापींसाठी तपासलेले असते. तीस-चाळीस हजारांवरची बॉडी घ्यायला हरकत नाही. एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचे किंवा मोकळ्या आकाशाचे चित्र काढले की सेन्सरवरचे डाग उघडे पडतात. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही. लेन्स मात्र मोबाइलच्या दिव्यासमोर धरून, दोन्ही बाजूंनी, तिरप्या कोनातून पाहावी. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे; कितीही सूट मिळाली तरी ती लेन्स घरी आणू नये. धुळीचे चार कण चित्रात दिसत नाहीत, त्यांवरून घासाघीस जरूर करावी. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल आले आहे का, झूमचे कडे मध्येच अडखळते का, आणि टोकाच्या दोन्ही फोकल लेंग्थना चारही कोपरे सारखे स्पष्ट येतात का, हे आपल्याच बॉडीवर, आपल्याच कार्डावर चित्रे काढून आणि घरी मोठी करून पाहावे. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सगळेच सुंदर दिसते.

टेलिफोटोसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून थोडे आधी खर्च करायचेच असतील, तर मान वळणारा एक बाह्य फ्लॅश घ्यावा. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश समोरून आदळतो आणि चेहरा सपाट करतो. बाह्य फ्लॅशची मान छताकडे वळवली की पांढरे छतच एक मोठा मऊ दिवा होते, आणि मग किट लेन्सचे एफ/५.६ देखील रात्रीच्या खोलीत पुरते. फक्त बॉडी ठरवण्याआधी एक तपासणी करावी: कॅननच्या २००० डी (काही देशांत १५०० डी), ४००० डी आणि २५० डी या बॉडींच्या फ्लॅश बसवण्याच्या खाचेत मधला संपर्कबिंदूच नाही, त्यामुळे केवळ त्या बिंदूवर चालणारे साधे स्वस्त फ्लॅश त्यांवर पेटत नाहीत.